लामांच्या फाटकावरचं तोरण

आधी सांगायला हवं ते शेजारच्या मेंढ्या पाळणाऱ्या बाईंबद्दल. त्या नसत्या तर लामांचा वाडा उभा राहिला नसता, आणि मीही या देशात टिकलो नसतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नववीत शाळा सुटलेला मी, केंब्रिजबाहेर एका मराठी डॉक्टर जोडप्याच्या दोन एकरांची देखभाल करायला आलो होतो. एका रविवारी जेवताना डॉक्टर म्हणाले, "शनिवारी तीन लामा येतायत. तोवर वाडा बांधून ठेव. जमेल ना?"

"जमेल की," म्हणालो, आणि लामा म्हणजे काय ते नंतर हळूच वहिनींना विचारलं.

"उंटाची चुलत भावंडं. कुबड नाही, पण राग आला की थुंकतात. तुझ्या साहेबांचं तेवढंच शिकायचं राहिलंय."

जमलं नाही तर परत जा, असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच ते रोज स्वतःला म्हणायचो.

सोमवारी रोवलेले खांब मंगळवारी डुलायला लागले. बाई पलीकडून बघत होत्या. "माती नुसती लोटू नकोस रे. थोडी घाल, चोप. परत थोडी घाल, परत चोप." शेवटी स्वतःच पहार घेऊन आल्या. मी आणलेली काटेरी तार त्यांनी परत पाठवली. लोकर अडकते म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत आडव्या फळ्या ठोकून झाल्या, कोपऱ्यात तीन बाजूंनी बंद छप्पर झालं, फाटकही बसलं.

आमच्याकडे नवं जनावर घरी येताना तोरण लागतं. आंब्याची पानं इथे कुठली? शनिवारी सकाळी चर्चच्या आवारातल्या एका गर्द हिरव्या झाडाच्या डहाळ्या आणल्या, सुतळीत ओवल्या, फाटकाला बांधल्या. वहिनींनी कुंकवाचं ताट तयार ठेवलं.

ट्रक वळणावर दिसला, तेवढ्यात बाई धावत आल्या आणि तोरण ओरबाडून काढलं.

"अहो, शुभ असतं ते आमच्यात!" मला रडूच आलं.

"असेल. पण हे यूचं झाड आहे. मूठभर पाला खाल्ला तरी जनावर उभ्याउभ्या पडतं. मारायचंय का त्यांना?"

तोरण बरोब्बर लामांच्या तोंडाशी येत होतं. गुडघ्यांवर बसून मी गवतातलं एकेक पान वेचायला लागलो. बाईही शेजारी बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांनिशी.

"काय शोधताय?" ट्रकमधून उतरत डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण बाईच आधी बोलल्या. "खिळा पडलाय. जनावराच्या पायात जाईल." पाला त्यांनी कोटाच्या खिशात कोंबला आणि मला त्यांच्या सफरचंदाच्या झाडाकडे पिटाळलं. "त्याचं बांध. ते खाल्लं तरी चालतं."

आणि खाल्लंच! पांढऱ्या लामानं फाटकातच मान वर केली आणि कुंकू लागायच्या आत अर्धं तोरण फस्त केलं.

"पावला गं बाई नैवेद्य!" वहिनी म्हणाल्या. डॉक्टर इतके हसले की मीही हसलो, किती महिन्यांनी कोण जाणे.

त्या पाल्याबद्दल बाई कधी कुणाजवळ बोलल्या नाहीत. मी अजून इथेच आहे, लामांना पिल्लंही झाली. बाई आता काठीवर आल्यात, आणि त्यांचा मेंढवाडा एका बाजूनं खचलाय. या उन्हाळ्यात नाही जमलं तर पुढच्या, पण तो मी माझ्या हातानं नवा उभा करून देणार आहे. त्या नको म्हणतील. म्हणू देत.