आडवा अहवाल

नगरपालिकेने पाणीतपासणीचा अहवाल एकदाचा ऑनलाइन टाकला. पण स्कॅन करताना पानं आडवी पडली. मी मोबाइल फिरवला, तर पानही फिरलं. शेवटी मीच मान वाकडी केली.

"भाऊजी, मान अवघडली का?" शेजारच्या सुमनवहिनींनी विचारलं. त्यांचा नातू नुकताच काविळीतून उठलेला.

"पाणी कसं आहे ते वाचतोय."

अहवाल ऑनलाइन हवा म्हणून सह्या गोळा करत फिरलेला शहाणा मीच. वाचता येईल असा हवा, हे लिहायचं राहिलं. सगळं उघडं ठेवूनही काही दिसू न देणं जमतं लोकांना. आपण नुसतं दमायचं.

"मग बाळाला नळाचं देऊ ना आता?"

अक्षरं फिकट, आकडे पुसट.

"उकळूनच द्या, वहिनी."

"उकळतेच आहे की! मग सह्या कशाला घेतल्यात?" म्हणत त्या पातेलं चढवायला आत गेल्या.