एकदाच विचारतात

श्रीलंकेतल्या कँडीत पहिल्या सकाळी मी पांढरी साडी नेसून खोलीबाहेर पडले, आणि कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मला जरा रागच आला. मुदखेडहून एकटी निघालेली साठीची बाई, जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेली, आणि इथं कुणाला काही पडलेलंच नाही! तळ्याकाठी आले तेव्हा उलगडा झाला. पौर्णिमा होती आणि निम्म्या बायका पांढऱ्यातच होत्या. आमच्याकडं विहारात जाताना नेसतो ना, अगदी तशा.

सकाळी चहाही मिळाला नव्हता. घरमालकीण दारात उभी राहून म्हणाली, "चहा?" मी आपल्या सवयीनं म्हणाले, "नको नको, कशाला तरास." तर ती बरं म्हणून आत गेली आणि दार लावून घेतलं! आता आमच्याकडं पहिल्या बोलीला कुणी हो म्हणतं का? आपण नको म्हणायचं, त्यांनी ‘असं कसं, घोटभर घ्या’ म्हणायचं, पुन्हा आपण आढेवेढे घ्यायचे आणि मग कप हातात. त्या दारासमोर मी खुळ्यासारखी किती वेळ उभी होते. इथं एकदाच विचारतात, हे तेव्हाच डोक्यात शिरायला पाहिजे होतं.

एकटी का आले, तेही सांगते. इथं यायचं होतं ते आमच्या ह्यांना. रेल्वेत जन्म गेला त्यांचा. पासावर मला भारतभर फिरवलं, पण ध्यास एकच, की जिथं गल्लोगल्ली विहार आहेत त्या देशात एकदा जाऊन वंदनेला बसायचं. रिटायर झाल्यावर दोघांचे पासपोर्ट काढले. फोटोत आम्ही दोघंही पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतो. मग एका दुपारी त्यांच्या छातीत दुखलं, आणि नांदेडच्या दवाखान्यात बघता बघता सगळं आटपलं.

पुण्यानुमोदनाचा विधी त्यांच्या गावी, उमरीला झाला. मोठा मांडव होता म्हणतात. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. कोण आलं, कोण काय बोललं, मी कुठं बसले होते, सगळं पुसलेलं. सगळ्यांनी त्यांचं नाव घेतलं असणार, मीच तेवढं घेतलं नाही. उभा संसार मी ‘अहो’वर भागवला. एकदा तरी, शुद्धीत असताना, त्यांच्या आवडत्या देशातल्या विहारात, चार माणसांत, तोंडानं त्यांचं नाव घ्यायचं. एवढ्यासाठीच आले होते. दुसरं काही बघायचं नव्हतं.

पोरगा म्हणाला होता, "मम्मी, एकटी कुठं मरायला जातीस? पुढच्या वर्षी जाऊ की संगं." म्हटलं, "तुझं पुढचं वर्ष तुझ्यापाशीच ठिव."

तळ्याकाठच्या मोठ्या बुद्धमंदिरात मरणाची गर्दी होती, म्हणून टेकडीवरच्या लहान विहाराची वाट धरली. चढ असा की गुडघे बोंबलायला लागले. पोचले तर वंदना सुरू झालेली. मागं जाऊन बसले, आणि काय सांगू! तेच त्रिशरण, तेच पंचशील. चाल निराळी, शब्द मात्र उमरीच्या विहारातले. मी मोठ्यानं म्हणायला लागले तशी शेजारची बाई माझ्याकडं बघून हसली. वंदना संपल्यावर तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. ती शाळेत शिकवायची, मीही झेडपीची मास्तरीण, मोडक्यातोडक्या इंग्रजीत जमून गेलं. त्या दिवशी तिच्या गेलेल्या आईच्या नावानं भन्तेंना, तिथल्या भिक्खूंना, भोजनदान होतं. मला तसंच हाताला धरून तिनं आत नेलं.

भन्तेंचं जेवण झालं. मग ताटात एक पेला ठेवला, घरची सगळी माणसं भोवती बसली आणि सगळ्यांनी मिळून पाण्याची झारी धरली. पेला भरून वाहीपर्यंत पाणी ओतायचं आणि आपलं पुण्य गेलेल्या माणसाला द्यायचं. हे असते तर ‘पाण्यानं कुठं पुण्य जातं का’ म्हणून तिथंच वाद घातला असता. घालू दे! माझे हात शिवशिवत होते.

बाई माझ्याकडं वळली. "तुम्हीही या. तुमच्या घरचं कुणी गेलं असेल तर त्यांचं नाव घ्या आणि हात लावा."

आणि मी काय म्हणाले? हसून, दोन्ही हात हलवून म्हणाले, "नको, नको. तुमच्या घरचं कार्य आहे, असू द्या."

दुसऱ्याच्या आईच्या कार्यात पहिल्याच हाकेला धावायचं, हे माझ्या अंगातच नाही. तिनं ‘असं कसं, या की’ म्हणावं आणि दंडाला धरून बसवावं. मी पदर सावरून उठायच्या तयारीतसुद्धा होते.

तिनं मान डोलावली आणि पुढं वळली. पाणी पडायला लागलं. अगं बाई, म्हण की एकदा, मी मनात म्हणत होते, एकदाच म्हण. ‘थांबा, मला यायचंय’ एवढंच बोलायचं होतं. विमानतळावर दोघातिघांशी भांडून आलेली मी, तिथं सावरलेला पदर धरून नुसती बघत बसले. पेला भरला, वाहिला, ताटात पाणी साचलं. मग सगळे उठले.

निघताना तिनं केळीच्या पानात भात बांधून दिला. ह्या वेळी विचारलं नाही, हातातच ठेवला. फाटकापर्यंत सोडायला आली आणि माझा हात दाबून म्हणाली, "तुम्ही नशीबवान. तुमच्या घरी सगळे आहेत. असेच राहोत."

मी थँक्यू म्हणाले.

उतरताना मागं बघितलं तर ती अजून हात हलवत होती. तिच्या लेखी आमचे हे मुदखेडात आहेत, चष्मा लावून पेपर वाचत बसलेत. परत चढून जावं आणि सांगावं, न्हाई बाई, नाहीत ते. पण पाय खालीच जात राहिले, आणि सगळा दोष मी गुडघ्यांवर टाकला.

तळ्याकाठी बसून पान उघडलं, भात खाल्ला. आजूबाजूला कुणी नव्हतं. नाव तिथंही घेता आलं असतं. पण एकटीनंच घ्यायचं, तर मुदखेडचं घर काय वाईट होतं?