आगाऊ फेडलेला नवस

सर्व आप्तेष्टांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या तमाम शेतकरी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घराण्यातील सर्वांत धाकट्या सदस्येने आपले तोंड बंद ठेवण्याचा निर्णय घेतला असून वरण-भात, खिचडी, शिरा, केळे आणि विनवण्या यांपैकी काहीही यापुढे आत घेतले जाणार नाही.

ही सदस्या म्हणजे माझी नात. वय दीड वर्ष, उंची माझ्या गुडघ्याला टेकेल एवढी. थंडी सरता सरता माझी लेक तिला घेऊन माहेरी आली होती. मंगरूळपीरच्या कडेला आमचं घर, घरामागे वांगी-मेथीचा मळा. एवढी ताजी भाजी रोज दारात येते आणि घरातलं लेकरू घासाकडे असं बघतं, जसा एखादा साहेब बिनसहीच्या अर्जाकडे बघतो.

लेकीचं सासर मेडशीला. सासू चांगली बाई. पण रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवली का माही नात?" त्यात टोमणा नव्हता, काळजीच होती. तरी फोन वाजला की माझी लेक उठून अंगणात जायची आणि पाठ करून बोलायची. एकदा मी पाण्याची नळी गुंडाळायचं निमित्त करून जवळ गेलो. ती म्हणत होती, "हो आई, जेवली थोडंसं." खरं म्हणजे त्या दिवशी पोरीने फक्त माझ्या शर्टाचं बटण चोखलं होतं.

आम्ही डॉक्टरांकडेही जाऊन आलो. त्यांनी वजन केलं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, तिच्यामागे वाटी घेऊन पळू नका, भूक लागेल तेव्हा खाईल. माझा जीव भांड्यात पडला. लेकीचा नाही पडला.

"डॉक्टरले काय होते सांगाले," ती घरी आल्यावर म्हणाली. "संध्याकाळचा फोन त्याले येत नाई."

मग मी मैदानात उतरलो. गणपतीतल्या नाटकांत मी पंधरा-वीस वर्षं तोंडाला रंग फासलेला माणूस. दीड वर्षाचा प्रेक्षक जिंकता येत नसेल तर ती कला काय कामाची? मी एसटी काढली. कंडक्टरसारखी खांद्याला बायकोची पर्स अडकवली, घास म्हणजे प्रवासी, नातीचं तोंड म्हणजे बसस्टँड. "चला मानोरा, मानोरा, मानोरा, मागची सीट खाली आहे, टिंग-टिंग!" चमचा हवेत दोन वळणं घ्यायचा, खड्ड्यातून उसळायचा आणि ओठांशी येऊन थांबायचा. प्रेक्षक खूश. टाळ्या वाजवायची, खिदळायची, आणि खिदळताना तोंड उघडलं की प्रवासी आत.

पण प्रवासी उतरायचाच नाही. तो घास ती गालात धरून बसायची, सोयाबीन घरात भरून भाव वाढायची वाट पाहणाऱ्या माणसासारखी. गिळलं की खेळ संपतो, हे तिच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. त्यामुळे एसटी मानोऱ्याला जायची, कारंज्याला जायची, मी घामाघूम व्हायचो आणि शेवटी घास बाहेर यायचा, जसाच्या तसा.

"तुमी लेकराले जेवू घालून राह्यले का तमाशा करून राह्यले?" बायको विचारायची.

"दोन्ही."

"मंग एक तं बंद करा. अन् माही पर्स ठेवा जागेवर. वरण लागलं तिले."

बायकोचा स्वतःचा उपाय वेगळा होता. मळ्याच्या टोकाला कडुलिंबाखाली आमच्या शेताचा देव आहे. शेंदूर लावलेला एक गुळगुळीत धोंडा, बस. तिने त्याला नवस बोलून टाकला होता, नात धड जेवायला लागली की तुझ्यापुढे रोडगे करीन. रोडगे म्हणजे आमच्याकडचा सोहळा. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप ओतायचं, सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. स्वयंपाक शेतात, आणि तो पुरुषांनी करायचा.

लेकीला परत जायला दोन दिवस उरले होते. पोरगी अजून संपावर. लेक बॅग भरता भरता मध्येच थांबायची आणि उगाच लेकराचं मनगट धरून बघायची. मला ते बघवेना. आणि अशा वेळी माझ्या डोक्यात जे येतं ते आलं.

"आपण रोडगे करून टाकू," मी बायकोला म्हणालो.

"जेवली का थे?"

"जेवीन ना. आधी देवाले खाऊ घालू. त्याले बी लाज वाटीन. आपल्याले काम करा लागते म्हणीन."

बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी लग्नापासून जपून ठेवलेल्या नजरांमध्ये पहिल्या तिनांत बसेल. "नवस फेडाचा असते. आगाऊ भराचा नसते. देव हाय थो, टँकरवाला नाई."

"तुह्या देवाले आजवर कोणी आगाऊ देलं का? पाहू तं खरं."

लेक पदराआड हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून बायकोचा विरोध तिथेच ढिला पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शेजारच्या मळ्यातले दोघं गोवऱ्या रचून बसलो. धूर असा की आम्ही तिघंही रडत होतो आणि एकमेकांना सांगत होतो की भाजीत तिखट जास्त झालंय. त्या गडबडीत नातीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. ती सतरंजीवर बसून वांग्याच्या देठांशी खेळत होती. कंडक्टर आज रजेवर होता.

रोडगे फुटले. बायकोने पळसाच्या पानावर पहिला रोडगा कुस्करला, त्यावर तूप सोडलं, गूळ ठेवला आणि पान देवापुढे नेलं. हात जोडून ती जरा मोठ्यानेच म्हणाली, म्हणजे मला ऐकू यावं, "देवा, हा आमच्या ह्यायचा उद्योग हाय. माह्यावर धरू नको."

मग पंगत बसली. लेक सवयीने वाटी घेऊन उठायला लागली, तर तिच्या आईने तिला खाली बसवलं. "आज तू जेव. कवापासून उभ्यानं खाऊन राह्यली, मले दिसत नाई का? पोरगी कुठं जात नाई."

लेक बसली. तिने घास मोडला, वरणात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. तेवढ्यात मी पाहिलं, सतरंजी रिकामी होती.

नात कडुलिंबाखाली पोचली होती. देवासमोर, पान मध्ये ठेवून, बरोब्बर आम्ही तिच्यासमोर बसायचो तशी बसली होती. तिने पानावरचा चिमूटभर रोडगा उचलला, हवेत एक वळण दिलं आणि म्हणाली, "टिंग-टिंग."

घास धोंड्याच्या तोंडाशी गेला. म्हणजे जिथे तोंड असावं असं तिला वाटलं तिथे. "आऽऽ," ती म्हणाली. देव गप्प. तिने पुन्हा "आऽऽ" केलं, या खेपेला स्वतःचं तोंड मोठं उघडून, शिकवल्यासारखं. देवाने ओठ उघडले नाहीत. तेव्हा तिने एक उसासा टाकला, अगदी तिच्या आईसारखा, आणि कसं खायचं असतं ते दाखवायला तो घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळला.

पंगतीत कुणाचा हात हलेना.

बायको अर्धी उठली. मी तिचा पदर धरला. "देवाचा नैवेद्य खाऊन राह्यली थे," ती पुटपुटली.

"देव काही म्हणून राह्यला का?"

"त्याले बोलता येत नाई."

"मंग तू कायले बोलतं? बस खाली."

दुसरी एसटी सुटली. टिंग-टिंग, आऽऽ, देवाचा नकार, घास तोंडात. मग तिसरी. एवढं हट्टी गिऱ्हाईक तिला प्रथमच भेटलं होतं आणि ती त्याच्यावर जरासुद्धा रागावत नव्हती. मध्येच तिने धोंड्याचा गाल थोपटला. तिचा तळवा शेंदरी झाला, हनुवटीवर तूप ओघळलं. गूळ तिने देवाला विचारलाच नाही, थेट घेतला.

मी लेकीकडे पाहिलं. हातातला घास हातातच होता. आजवर पोर खाताना ती पोरीच्या तोंडाकडे बघायची, आत किती गेलं ते मोजत. आता ती सगळ्या पोरीकडे बघत होती, आणि तिचे खांदे खाली आले होते. फोन सतरंजीच्या टोकाला पालथा पडला होता.

पान रिकामं होत आलं. तुपात भिजलेला शेवटचा तुकडा उरला. नातीने तो उचलला. या वेळी ना टिंग-टिंग, ना आऽऽ. तुकडा सरळ तिच्याच तोंडाकडे निघाला, आणि जिने महिनोन् महिने एकेका घासासाठी हात जोडले होते, ती माझी लेक पंगतीतून ओरडली, "अवं, देवाले तं ठेव ना थोडंसं!"