हजेरीतली दुसरी बहीण

गोमबाईंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. चहा चालता चालता, हजेरीही चालता चालता, नजर रजिस्टरात. स्टाफरूममध्ये कोणी खुर्ची पुढे केली, तर तिच्यावर पर्स ठेवून पुन्हा चालू लागायच्या. म्हणायच्या, "भाऊ, माणूस बसला का डोकं बी बसते."

नाव पोरांनी ठेवलेलं, पण कमावलेलं होतं. गर्भात शरीराच्या कोणत्या कप्प्याला पाय फुटायचे, हे ठरवणारी जनुकं असतात. ती गोमेत कशी, खेकड्यात कशी, माशीत कशी, आणि कोट्यवधी वर्षांत त्यांत काय बदललं, हे बाई संगणकावर ताडून पाहत. धानाच्या बांधावरची एक गोम त्यांनी नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिकडून तिची जनुकं अक्षरांच्या बारीक तुकड्यांत आली. तुकडे जोडून सलग मजकूर करायचं काम प्रोग्रॅमचं. तो चालू केला की बाई व्हरांड्यात येरझारा घालायच्या. शिपाई म्हणायचा, "मशीन आत चालून राह्यली, बाई बाहेर."

एकदा त्या भर तासात माझ्या वर्गात शिरल्या. "भाऊ, पायाचं एक जनुक बाकी साऱ्या गोमांत आहे, आपल्या गोमेत नाई. हरवलं तिनं." वर्गाने टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते मलाही कळलं नव्हतं. शोधनिबंध लिहून झाला, स्वीकारलाही गेला. तो छापून आला की बाईंची कधीची अडलेली बढती होणार होती. मी पेढ्यांची आठवण रोज करून देत होतो.

त्याच आठवड्यात चामोर्शीच्या जुळ्या बहिणी, सीमा आणि रीमा, स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. रीमाचा परीक्षेचा अर्ज अडला होता. बाईंच्या रजिस्टरात ती वर्षभर गैरहजर.

"बाई, मी रोज येतो ना," रीमा रडकुंडीला आली होती.

"लबाडी नको करू. सीमाच दोनदा हजर म्हणते. एकच आवाज दोनदा आला, म्हंजे दुसरा नकली."

मला राहवेना. "बाई, मान वर करून पाहा तरी. दोन आहेत."

बाईंनी पाहिलं. आणि थांबल्या. मी त्यांना पहिल्यांदाच थांबलेलं पाहत होतो. "एकच आवाज दोनदा," असं पुटपुटत त्यांनी आधी रीमाची हजेरी दुरुस्त केली आणि मग संगणकाकडे जवळजवळ पळाल्या.

प्रोग्रॅमने तेच केलं होतं. दोन जनुकं इतकी सारखी, की एकाचेच तुकडे पुन्हा आले असं समजून त्याने दोन्ही एकात जोडली. गोमेने काहीच हरवलं नव्हतं.

"कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं. पेढे डोळ्यांपुढे होते, खोटं कशाला बोलू.

"रीमाले म्या वर्षभर गैरहजर ठेवलं, भाऊ. आता गोमेतल्या या दुसऱ्या बहिणीलेबी ठेवू का?"

निबंध त्यांनी स्वतःच मागे घेतला. बढती झाली नाही. येरझारा तेवढ्या वाढल्या.

निवृत्तीच्या दिवशी वरोऱ्याला माहेरी जायला त्या जीपमध्ये चढल्या, तेव्हा नाइलाजाने बसल्या. दोघी बहिणी निरोपाला आल्या होत्या. "जा बाई, संभाळून," एका सुरात म्हणाल्या. जीप हलली, आणि खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं.

"एकदाच ऐकू आलं. दुसरी कुठी आहे?"