नेत्राची तिसरी उडी

आमच्या कोरड्या मुलखात पोर चालायला लागलं की आई त्याला विहिरीपासून लांब ठेवते. वेसाव्याच्या कोळीवाड्यात उलटं. तिथं पोर जरा मोठं झालं की कुणीतरी मामा त्याला धक्क्यावरून खाडीत सोडून देतो आणि वर हसत उभा राहतो. नेत्रा अशीच पोहायला शिकली. पडता पडता तिनं तोंड गच्च मिटलं, श्वास रोखून धरला, अंग काठीसारखं ताठ केलं आणि खालून सुळकन वर आली. पडायचं म्हणजे तोंड मिटायचं, हे त्या दिवशी तिच्या हाडांत शिरलं.

आता ती अंधेरीच्या तरणतलावावर लोकांना पोहायला शिकवते. तिची आई सगुणा बाजारात मासळी विकते, आणि तिचा आवाज पार रिक्षास्टँडपर्यंत जातो.

नेत्राच्या शिकवणीत शुभाकाकू नावाच्या एक बाई आहेत. बँकेतून निवृत्त झालेल्या, स्वभावानं खमक्या. रोज पाण्यात उतरतात, पण काठाची दांडी म्हणून सोडत नाहीत.

"सोडा ना काकू, मी आहे ना," नेत्रा एकदा वैतागून म्हणाली.

"तुला काय जातंय बोलायला? भीती म्हणजे काय, हे ठाऊक आहे का गं तुला?"

नेत्राला खरंच ठाऊक नव्हतं.

"बरं. मी विमानातून उडी मारायला शिकते. पहिला टप्पा पार केला, तर तुम्ही दांडी सोडायची. बोला!"

काकूंनी एक हात दांडीवर ठेवून दुसरा पुढे केला. "लाव पैज."

असं ते ठरलं. गुजरातेत एका जुन्या धावपट्टीवर हे शिकवतात. सैन्यातून निवृत्त झालेले देवदत्त सर तिथले गुरू. पहिल्या टप्प्यात तीन उड्या. दोन शिक्षक दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून उडी घेतात. आकाशात पोट पुढे काढून, हातपाय मागे सैल सोडून पालथं पडून राहायचं, मनगटावरचं उंचीचं घड्याळ बघायचं आणि वेळेवर पाठीवरची हवाई छत्री उघडायची. तिसऱ्या उडीत शिक्षक हात सोडतात. तुम्ही एकटे स्थिर राहिलात तर पास. अंग भिरभिरलं तर पुन्हा धरतात, आणि मग पुढच्या हंगामात पहिल्यापासून.

विमानाचं दार उघडलं, वारा आत घुसला, आणि नेत्राला भीती म्हणजे काय ते कळलं. पोटात गोळा आला. तरी तिनं उडी घेतली. पण अंग लाकडासारखं ताठ. दुसऱ्या उडीतही तेच. दोघे शिक्षक तिला सावरून सावरून घामाघूम झाले.

जमिनीवर देवदत्त सरांनी तिला बाजूला घेतलं.

"नेत्रा, तू खाली येईपर्यंत श्वासच घेत नाहीस. गाल फुगवून बसतेस. हवेत बुडायला निघालीस का?"

तिला हसू आलं, आणि रडूही.

"सर, ठरवून नाही करत. पडले की तोंड आपोआप मिटतं."

"मग त्याला काही काम दे. आठ दिवसांनी ये. तिसरी उडी अशी झाली तर मी हात सोडणार नाही."

घरी येऊन ती सराव करू लागली. किनाऱ्यावर पालथी घातलेली एक होडी होती. तिच्या गोल तळावर पोट टेकवून, हातपाय हवेत पसरून नेत्रा पडून राही. आजूबाजूला बांबूंवर बोंबील वाळत असत.

"काय गो, तुला पण वाळत घातली काय?" जाळं विणत बसलेला बळवंतमामा ओरडे. तिला धक्क्यावरून ढकलणारा मामा तो हाच.

"तूच वाट लावलीस माझी, मामा! तेव्हा ढकललंस, ते तोंड अजून उघडत नाही."

"तुझं? सगुणाच्या पोरीचं? बाजारात इचार, कोण इश्वास ठेवील काय!"

एका सकाळी भरती चढू लागली आणि ती होडी सुलटी करून वर ओढायची वेळ आली. नेत्रा खाली उतरली, दोराला लागली. पुढे मामा, मागे चार बाया, सगळ्यांत शेवटी सगुणा. सगुणानं हाक दिली, "हेऽऽ..." आणि सगळ्यांनी जोर लावला, "हो!" होडी वाळूवर सरकली. पण नेत्रा गप्प. दातओठ खाऊन ओढत होती.

"मुक्यानं काय ओढतंस गो?" सगुणा कडाडली. "हाक दे! तोंड मिटून ओढशील तं कंबर धरंल."

नेत्रानं हाक दिली. "हेऽऽ... हो!" हाकेसरशी छाती रिकामी झाली, आणि लगेच नवा वारा आपोआप आत आला. खांदे सैल झाले. ती दोर हातात धरून तशीच उभी राहिली.

"आये," ती म्हणाली, "हाक देताना श्वास धरताच येत नाही गं!"

"मंग? ह्ये तुला आज कललं?"

पुढच्या रविवारी विमानाच्या दारात गोळा पोटात होताच. तो कुठं गेला नव्हता. नेत्रानं त्याला तिथंच राहू दिलं आणि उडी घेताच ओरडली, "हेऽऽ... हो!" वाऱ्यात कुणालाच ऐकू गेलं नसेल. पण अंगाला ऐकू गेलं. पोट पुढे आलं, पाय सैल झाले, आणि वारा तिच्याखाली भरतीच्या पाण्यासारखा उभा राहिला. खाली शेतं गोधडीच्या ठिगळांसारखी पसरली होती. ती हाक देत राहिली, घड्याळ बघत राहिली.

आणि मग तिला समोर देवदत्त सर दिसले. हवेत, मोकळे, दोन्ही अंगठे वर केलेले. दुसरा शिक्षकही त्यांच्याच शेजारी. हात कधी सोडले, तिला कळलंच नव्हतं.

छत्री उघडली तशी कानातल्या यंत्रात सरांचा साथीदार जमिनीवरून बोलला, "झकास! आता डावीकडे वळ."

मंगळवारी शुभाकाकू पाण्यात उभ्या होत्या, दांडी धरून. पैज हरल्याचं त्यांनी मान्य केलं होतं. हात मात्र मान्य करत नव्हते.

"गोळा आलाय गं पोटात."

"असू दे. हाक द्या. माझ्यामागे. हेऽऽ..."

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. कुणी ओळखीचं नाही याची खात्री केली. मग बँकेच्या करड्या आवाजात त्यांनी अशी काही "हो!" ठोकली, की पलीकडे पोहणारे थांबून बघू लागले.

दांडीवर कुणाचाच हात नव्हता.