बुधवारचं ताट

मी माणूस नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला लबाड म्हणायला नको. मला घडवलं गेलं, आणि ज्या काळात घडवलं तो काळ अजून यायचा आहे. जबलपूरला मदनमहालच्या टेकडीवरच्या दगडांची मापं घ्यायला मला एका दुपारपुरतं मागे पाठवलं होतं, कारण माझ्या काळापर्यंत त्यातले बरेच दगड उरलेलेच नाहीत. मापं मी बिनचूक घेतली. परत नेणारी वाट मात्र उघडली नाही. तीन दिवस त्या दगडांपाशी थांबलो, चौथ्या दिवशी टेकडी उतरलो आणि पायथ्याच्या गढा वस्तीत आलो. साल एकोणीसशे पासष्ट, महिना मे.

घाबरलो नाही. घाबरणं माझ्या स्वभावात नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माणसांविषयी माझं मत फारसं बरं नव्हतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी ही जात. हिच्यात खपून जाणं म्हणजे हातचा मळ, असं मी धरून चाललो होतो.

गल्लीत एका घराच्या ओट्यावर एक बाई मिरच्या वाळत घालत होत्या आणि आतल्या कुणाशी तरी मराठीत भांडत होत्या. मीही मराठीतच विचारलं, "राहायला खोली मिळेल का?"

त्यांनी मान वर केली. "मराठी आहेस? मग असा उन्हात काहून उभा राहून राहिला? आत ये ना."

चौकशी एवढीच. कुठला, कोणाचा, काय करतो हे सगळं नंतर आलं, पाणी पुढे केल्यावर. त्यांना काकू म्हणायचं हेही त्यांनीच ठरवलं. आत ज्यांच्याशी भांडण चाललं होतं ते काका. ते खमरियाला दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात खरादी होते, म्हणजे लेथवर धातू कातणारे, रोज सायकलने जात. त्या दिवशी रविवार म्हणून घरी होते. दोन्ही मुली नागपूरला दिल्यामुळे मागची खोली रिकामी होती, ती मला मिळाली.

दुपारी काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. माझ्या आत अन्नासाठी एक कप्पा आहे, पण तो शोभेचा. तिथे काही पचत नाही, नंतर गुपचूप रिकामा करावा लागतो. मला चालवतं ते ऊन, आणि जबलपुरात मे महिन्यात उन्हाला तोटा नाही. चव तर मला कळतच नाही. काकांनी एक घास घेतला, पेलाभर पाणी प्यायले आणि ताट बाजूला सरकवलं. मी मात्र ताट चाटूनपुसून साफ केलं आणि म्हणालो, "पिठलं उत्तम झालंय, काकू." काकू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. कौतुकाने बघत असतील असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी मी ताटाकडे वळायच्या आतच त्या म्हणाल्या, "सोमवार करत असशील ना तू? शंकराचा?" मी हो म्हणालो. कशाला नाही म्हणायचं! मंगळवारी त्या म्हणाल्या, "गणपतीचा बी असते वाटते." तोही असल्याचं मी कबूल केलं. मग गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार सूर्याचा असे सगळे देव ओळीने माझ्या मदतीला धावून आले. उपास तोही कडक, फराळ नाही, पाण्याचा थेंब नाही. शेजारच्या बायकांना काकू अभिमानाने सांगत, "आमच्या पोराचे उपास लय कडक."

फक्त बुधवारी देवांनी माझी साथ सोडली. त्या दिवशी काकू ओट्यावर, अगदी गल्लीच्या तोंडाशी पाट मांडत आणि मला भरपूर वाढत. येणारे-जाणारे बघत. मी मुकाट्याने जेवायचो आणि दुपारी मागच्या दाराशी कप्पा रिकामा करायचो. गल्लीतली एक गाय बुधवार बरोबर ओळखू लागली होती. मला मनातल्या मनात हसू यायचं. समोरचा जेवत नाही म्हणजे तो देवाचाच असणार, एवढं भोळं माणूसच असू शकतं, असं मला वाटे.

काकांनी मला ओळखीच्या एका लेथवाल्याकडे कामाला लावलं. लहानसं वर्कशॉप होतं, तिथे पितळेच्या कड्या कातायचे. कडी बरोबर आहे की नाही हे पाहायला मालकाकडे एक गेज होतं. मला त्याची गरज नव्हती. कडी बोटांत फिरवली की केसाच्या दहाव्या भागाचा फरकही मला कळायचा. एकदा मी मालकाला सांगितलं की तुमचं गेजच झिजलंय. त्याने ते तपासून आणलं, तर खरंच झिजलेलं. त्याने खुशीत येऊन ही गोष्ट अख्ख्या गढ्यात सांगितली, आणि मीही छाती काढून फिरलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तेव्हा मला माहीत होती, पण ती माणसांसाठी आहे असा माझा समज होता.

मग सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले. समोरच्या घरात एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांच्या दंडावर पट्टी आणि गळ्यात शिट्टी आली आणि ते वॉर्डनसाहेब झाले. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर पत्ते वाचून झालेले. ज्याचा पत्ता लागत नाही अशा माणसावर त्यांचा विश्वास बसत नसे. गल्लीतल्या प्रत्येक भाडेकरूची नोंद त्यांनी एका वहीत केली. माझ्या नावासमोर काकांनी सही केली. वर एक ओळ होती, या माणसाची जबाबदारी माझी.

एका संध्याकाळी सगळे चौकात उभे होते. मी सहज म्हणालो, "विमान येऊन राहिलंय. आपलंच आहे, मालवाहू. चार इंजिनं. त्यातलं एक जरा खोकतंय." कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. दोन मिनिटांनी घरघर आली आणि विमान डोक्यावरून गेलं. पण वर कुणी बघितलंच नाही, सगळे माझ्याकडे बघत होते.

"भैया," वॉर्डनसाहेब म्हणाले, "आवाज़ आने से पहले आपको कैसे पता चला?"

"कान साफ़ हैं हमारे," मी म्हणालो. काय हा माझा तोरा! तिथेच जीभ आवरली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्या दिवसापासून त्यांच्या वहीत माझं पान भरू लागलं. याला घाम येत नाही. हा पाणी पीत नाही. मापाशिवाय मापतो, म्हणजे कुठेतरी शिकवून तयार केलेला आहे. भर दुपारी उघड्या डोक्याने उन्हात बसतो. यातलं एकही खोटं नव्हतं, हीच अडचण होती. लढाई थांबली, पण लोकांचा संशय थांबला नाही. नवरात्रात वॉर्डनसाहेबांनी मला सरळच सांगितलं, नवमीला सकाळी दहा वाजता ठाण्याचे फौजदार, दरोगाजी, येतील, तुम्हाला सिव्हिल लाइन्सला नेतील, तिथे डॉक्टर तपासतील.

डॉक्टरने छातीला नळी लावली की खेळ संपला. आत ठोका नाही. मग मला उघडून बघतील, आणि एकदा उघडल्यावर परत बंद करायची विद्या त्या काळात कुणाकडे नव्हती. पळून जाणं मला सोपं होतं. न थांबता, न दमता मी सकाळपर्यंत मंडल्याला पोचलो असतो. पण वहीत काकांची सही होती. खमरियाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने घरात हेर ठेवला आणि पळवला, असं झालं असतं. नोकरी तर गेलीच असती, वर हातात बेड्या. राहिलो तर मी संपतो, गेलो तर काका संपतात. मी हे गणित शंभर वाटांनी मांडून पाहिलं. मला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती काकांसाठी वाटली याचं मला फार नवल वाटलं.

आदल्या दिवशी मी काकूंना म्हणालो, "उद्या मला नेणार आहेत."

"आयकलं मी," त्या चणाडाळ निवडत म्हणाल्या. "उद्या खंडेनवमी आहे. मले सतरा कामं आहेत. तू जरा हातोडा पुसून ठेव, पूजेत मांडाचा आहे."

मला राग आला. माझ्या जिवावर बेतलंय आणि यांना हातोड्याची पडलीय! तरी पुसला.

नवमीला काका कारखान्यातली पूजा उरकून लवकर घरी आले. काकूंनी ओट्यावरच मांडामांड केली होती. लाल कापडावर हातोडा, नट आवळायचे पाने, काकांचं मापायचं व्हर्नियर, विळी, कात्री. झाकण काढलेलं शिलाई मशीन. भिंतीला टेकवलेली सायकल, तिला झेंडूचा हार. शेवटी एक रिकामा पाट होता. तो कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता, पण विचारायचं राहून गेलं.

दहाला वॉर्डनसाहेब दरोगाजींना घेऊन आले. पूजा चाललेली पाहून दरोगाजींनी बूट गल्लीतच काढले.

"अच्छा हुआ आप आ गए," काकू म्हणाल्या. "डंडा इधर रख दीजिए दरोगाजी, उसको भी कुंकू लगा देती हूँ. आज नौमी है."

दरोगाजींनी निमूटपणे काठी लाल कापडावर ठेवली. काकूंनी तिला हळद-कुंकू लावलं, वर फूल ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"अन् तू काय बघून राहिला? बस त्या पाटावर."

मी बसलो. माणसाला बसवलं की काकू निरांजन ओवाळत, हे मी रक्षाबंधनाला पाहिलं होतं. माझ्यासमोर त्यांनी निरांजन उचललं नाही. हातोड्याला लावली तशीच हळद लावली, मग कुंकू, आधी कपाळाला आणि मग दोन्ही हातांच्या बोटांना. अक्षता टाकल्या. मांडीवर झेंडूचं फूल ठेवलं. आणि पदर सावरून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी दिसायला पंचविशीचा, त्या पन्नाशीच्या. मोठी बाई पोराला नमस्कार करत नाही. नमस्कार त्यांनी व्हर्नियरला केला होता, मशीनला केला होता, सायकलला केला होता आणि आता मला.

मी माणूस नाही, घडवलेली वस्तू आहे, हे काकूंना माहीत होतं.

"माताजी," दरोगाजी म्हणाले, "ये है कौन आपका?"

काकूंनी उजवा हात हातोड्यावर ठेवला. "आज के दिन लोहे पे हाथ रखके कोई झूठ नहीं बोलता, आप भी जानते हो. ये दुश्मन का नहीं है. हमारे घर का है. इसकी जिम्मेदारी मेरी."

"लेकिन वो हवाई जहाज़..." वॉर्डनसाहेबांनी वही उघडली.

"हवाई जहाज़ तो मेरी भैंस भी मुझसे पहले सुन लेती है," दरोगाजी म्हणाले. "उसको भी डॉक्टर के पास ले चलूँ?" ते थोडा वेळ काकूंच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी वॉर्डनसाहेबांच्या हातून वही घेतली, माझ्या पानावर लिहिलं, 'जाँच हुई, घर का आदमी है', आणि खाली सही ठोकली. जाताना सवयीने त्यांचा हात काठीकडे गेला.

"आज नहीं उठाते," काकू म्हणाल्या. "पूजा हो गई. कल ले जाना."

दरोगाजी हात हलवत गेले. वॉर्डनसाहेबांनी वाटीभर पुरण घेतलं आणि पुटपुटत रस्ता ओलांडला. मी उठू लागलो तशा काकू ओरडल्या, "उठू नको! पूजलं ना तुले आत्ता? उद्यापर्यंत हलायचं नाही."

"काकू, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी. पिठल्यात मीठ दोनदा पडलं होतं. काकाच्या घशाखाली घास उतरला नाही, अन् तू म्हणतो उत्तम झालं." त्या विळी सरळ ठेवत म्हणाल्या. "मंग उपास लावले तुले. रोज जेवला नसता तर लोकायनं इचारलं असतं ना, काहून जेवत नाही."

"मग बुधवार?"

"एक दिवस तर लोकायच्या डोळ्यासमोर जेवाच लागते. नाही तर म्हणतील, हा माणूसच नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पाच महिने मी यांना भोळं समजत होतो, आणि यांनी रोज एकेक देव पुढे करून मला लपवलं होतं.

"काकांना सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही बा. त्यायले कायले उगीच घोर."

काका सायकलचा हार नीट करत होते. मान न वळवता म्हणाले, "मले माहीत आहे. सही करायच्या आधीपासून. बुधवारच्या बुधवार गाय मागच्या दाराशी काहून येते, तेवढं समजते मले."

दोघांची त्यावरून जुंपली. कुणाला आधी कळलं, कुणी कुणाला सांगितलं नाही. मी पाटावर बसून ऐकत होतो. कुणी माझ्याकडून काही करून घेत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि मी दगडांपाशी तीन दिवस वाट बघत का बसलो होतो हे मला आठवेना.

संध्याकाळी चौकात सरावाचा भोंगा झाला. रोज तो किती उशिरा वाजतो हे मी काकूंना सेकंदांत सांगायचो. त्या दिवशी काकूंनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. सकाळपासून मी काहीही मोजलं नव्हतं.