सिर्फ फॅमिली को

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हा गाढवपणा माझा आहे आणि त्याला तोड नाही!

भोपाळच्या सोनागिरीत माझं घर. कारखान्यात जन्मभर लेथ चालवून बांधलेलं. बायको गेली, पोरगा पुण्याला चिकटला. वरच्या मजल्यासाठी गेटावर पाटी रंगवून घेतली, 'किराये से देना है, सिर्फ फॅमिली को.' एकट्यादुकट्याची कटकट नको!

मीनल आणि नेहा आल्या. मीनल आपली मराठी, नेहा इथलीच. विचारलं, "फॅमिली हो?"

"हाँ काका, हम दोनों फॅमिली ही हैं."

मी धरून चाललो, मावसबहिणी असतील. सकाळी भाजीतल्या मिठावरून कडाकडा भांडायच्या, संध्याकाळी एकाच स्कूटीवर हसत यायच्या. आल्या की माझ्याकडे चहा करायच्या. माझ्या डायबिटीसपायी बिनसाखरेचा, फुळकवणी चहा! मी रोज नावं ठेवायचो आणि रोज पाचपासून गेटाकडे डोळे लावून बसायचो. कुणाला सांगू नका.

मग डोक्यात किडा वळवळला. पोरी आज ना उद्या लग्न करून जाणार. मग माझं काय? माझा जुना जोडीदार ढोबळे, त्याच्या पोराचं गोविंदपुऱ्यात वर्कशॉप. मीनलला तिथं उजवली की पोरगी हाकेच्या अंतरावर, चहा चालू. डोकं बघा माझं!

मीनलला विचारायचं? छे! नुसतं म्हटलं, "रविवारी पाहुणे येतायत, पोहे करा."

रविवारी ढोबळे, ढोबळीणबाई आणि पोरगा सोफ्यावर रांगेत.

"पोहे फर्मास हो! मीनल, तूच केलेस?"

"नाही काकू, नेहानं. मला धड गॅस पेटवता येत नाही."

"शिकशील गं, आमच्या घरी आलीस की!"

मीनल माझ्याकडे वळली. "काका, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? तुला बघायला आलेत! पोरगा हिरा आहे!"

"अहो, माझं लग्न झालंय."

"कधी? कुणाशी?"

"जिच्या हातचे पोहे खाताय, तिच्याशी."

ढोबळेचा चमचा हवेतच. पोरगा मात्र सुटल्यासारखा भराभर खायला लागला.

"बाईचं बाईशी? कुठल्या देशात?" ढोबळे.

"थायलंडमध्ये. तिथं कायदा आहे. रीतसर कागद आहे, इथं त्याला किंमत नाही एवढंच."

"बाहेर काहीही चालतं हो! भोपाळात नाही चालत."

इथं मी गप्प बसावं की नाही? पण ढोबळेसमोर लाज! ओरडलो, "पाटीवर स्पष्ट लिहिलंय, फॅमिली! ही कसली फॅमिली?"

नेहा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात माझी बशी. "काका, आपके पोहे में शक्कर नहीं डाली," एवढंच बोलली. बशी ठेवली आणि वर गेली. मीनल तिच्या मागे.

महिनाअखेर सामान निघालं. थांबा म्हणायचं होतं. तोंडातून निघेल तर ना! टेम्पोवाल्याला मात्र भरपूर अक्कल शिकवली, फ्रिज आडवा नको ठेवू म्हणून.

परवा एक गृहस्थ जागा बघायला आले.

"कितने लोग?"

"अकेला हूँ."

"पाटी नहीं दिखती? सिर्फ फॅमिली को!"

त्यांनी पाटी वाचली. अंगणातली माझी एकुलती खुर्ची बघितली. कठड्यावरचा एकच कप बघितला.

"और नीचे कौन-सी फॅमिली रहती है, भाईसाहब?"

पाटी उतरवून ठेवलीय. काय करता? माझ्याच नियमानं माझ्याच घरात मलाच जागा निघेना!